हजाराच्या पुढची चिल्लर

सकाळी ९.३०

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नागरी सहकारी पतसंस्थेत मी रोखपाल आहे. शाखा दहाला उघडते, तिजोरी साडेनऊला. एक किल्ली मॅनेजरसाहेबांकडे, दुसरी माझ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार हलत नाही. कालची अखेरची शिल्लक ती आजची आरंभीची शिल्लक. ती नोटांच्या तपशिलासह पुन्हा मोजायची आणि रजिस्टरवर दोघांनी सह्या करायच्या. पाचशेची बंडलं मशीनवर पाच मिनिटांत होतात. वेळ खातो तो खालचा कप्पा, कारण तिथे चिल्लर असते.

काल आठवडे बाजार होता. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी काउंटरवर नाणी जास्त येतात, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भाजीवाले, चहावाले, खेळणीवाले, केळीवाले यांचा गल्ला आज आमच्याकडे हप्ता म्हणून किंवा पिग्मीची रोजची बचत म्हणून येणार. त्यामुळे मी सकाळीच प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या, रबर आणि स्केचपेन काउंटरच्या डाव्या हाताला मांडून ठेवते.

सकाळी १०.००

पहिले येतात पिग्मी एजंट. हातातल्या मशीनमधली कालची वसुली संगणकावर उतरवतात आणि रोकड माझ्यापुढे ठेवतात. आज एकाच्या पिशवीत दहाची नाणी भरपूर होती. तो वैतागून म्हणाला, "मॅडम, दहाचा ठोकळा बाजारात कुणी घेत नाही. म्हणून सगळे तो माझ्याच गळ्यात घालतात. मी नाही म्हटलं तर पिग्मी बंद."

दहाच्या नाण्याची ही तऱ्हा जुनी आहे. सुरुवातीच्या काही नाण्यांवर वरच्या बाजूला १५ रेघा होत्या आणि रुपयाचं चिन्ह नव्हतं. २०११ पासून १० रेघा आणि ₹ चिन्ह असलेलं नाणं आलं. दोन्ही हातात पडली तेव्हा लोकांनी आपसांतच ठरवून टाकलं की यातलं एक खोटं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले १४ प्रकार सगळे चलनात आहेत, सगळे घ्यायचे. १४४४० या क्रमांकावर फोन केला तर तीच माहिती ऐकायला मिळेल अशी सोयही केली. तरी अफवा अजून पुरती गेली नाही. एका गावात दहाचं नाणं बिनबोभाट चालतं आणि पुढच्या गावात दुकानदार ते परत सरकवतो.

मी एजंटाची सगळी नाणी घेतली. त्याच्या पाठीमागे भिंतीवर आमचा फलक आहे : "येथे सर्व प्रकारची चलनी नाणी स्वीकारली जातात." तो लावा म्हणून मी साहेबांच्या मागे लागले होते. अफवेला तोंडी उत्तर कितीही दिलं तरी ते कमी पडतं. छापील पाटी आणि प्रत्यक्ष घेणारा हात, दोन्ही दिसावे लागतात.

सकाळी १०.४५

मंडईत पालेभाजी विकणाऱ्या मावशी आल्या. पंधरा हजारांचं कर्ज, महिन्याचा हप्ता १,३५० रुपये. कमरेच्या चंचीतून त्यांनी शंभराच्या दोन नोटा काढल्या आणि पदराच्या गाठीत बांधलेली चिल्लर काउंटरवर सोडली. पाचाची, दहाची, दोनाची, थोडी एकाची.

आमच्याकडे नवीन लागलेला मुलगा शेजारच्या खिडकीवर बसतो. हुशार आहे, वाचतो. तो लगेच म्हणाला, "मावशी, कायद्याने नाण्यात हजारच रुपये घ्यायचे असतात. ही साडेअकराशे दिसतात. वरचे दीडशे नोटेत द्या."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. २०११ च्या नाणे कायद्याचं सहावं कलम हेच सांगतं : एक रुपया किंवा त्याहून मोठ्या किमतीची नाणी देणं फेडायला एका वेळी १,००० रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत, आणि पन्नास पैशांचं नाणं १० रुपयांपर्यंत. नाणं विद्रूप केलेलं किंवा झिजून ठरल्या वजनापेक्षा हलकं झालेलं नसावं, एवढी अट. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातूनच गेली. त्याआधीच्या १९०६ च्या कायद्यात रुपयाच्या नाण्याला ही हजाराची मर्यादा नव्हती. नोटेचं तसं नाही. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याचं २६ वं कलम नोटेला रकमेची मर्यादा घालत नाही. ती भारतात कुठेही, तिच्यावर छापलेल्या किमतीला चालते. गंमतीची नव्हे पण लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की केंद्र सरकार काढतं ती एक रुपयाची नोट कायद्याच्या व्याख्येत नाण्यातच मोजली जाते.

पण "हजारापर्यंत घ्यावंच लागेल" असं कायदा म्हणतो. "हजाराच्या वर घेऊ नका" असं तो कुठेही म्हणत नाही. ही मर्यादा धनकोच्या रक्षणासाठी आहे. कुणी त्याला पोत्याने छळू नये म्हणून दिलेली ती ढाल आहे. मंडईत बसणाऱ्या बाईने दिवसभर दहा-दहा, वीस-वीस रुपयांची जुडी विकून जे मिळवलं तेच ती आपल्याकडे घेऊन आली, तर तिच्यापुढे ही ढाल धरायचं कारण काय? तिला नोटा हव्या असतील तर त्या आणायच्या कुठून? आम्हीच तिची पतसंस्था. आम्ही चिल्लर परत दिली तर ती शेजारच्या दुकानदाराकडे जाईल, आणि तो मोड घेताना शंभरामागे पाच-दहा कापून घेईल. तेवढं व्याज आमच्या नकारामुळे तिच्या डोक्यावर चढलं.

मी मुलाला म्हटलं, "मोज." आम्ही दोघांनी मिळून मोजली. दहाच्या दहा नाण्यांची चवड म्हणजे शंभर. पाचाच्या वीस. दहाच्या नाण्याचं वजन ७.७१ ग्रॅम, त्यामुळे हजार रुपयांची दहाची नाणी पाऊण किलोच्या आसपास भरतात. हेच हजार रुपये एकाच्या नाण्यांत आले तर २०११ च्या घडणीप्रमाणे ३.७९ ग्रॅमच्या हिशेबाने पावणेचार किलोंवर जातात. कायद्याला दोन्ही सारखीच. मोजणाऱ्याला नाहीत. युरोपात युरो चलनासाठी नियम वेगळा आहे : एका वेळी ५० पेक्षा जास्त नाणी घ्यायला कुणी बांधील नाही. तिथे रक्कम मोजत नाहीत, नाणी मोजतात. काउंटरवर बसणारी म्हणून मला तो नियम जास्त समजूतदार वाटतो.

मावशींची पावती फाडली. त्या म्हणाल्या, "पोरी, रक्कम अक्षरात लिहिलीस ना?" लिहिली होती.

सकाळी ११.३०

आजचा मोठा प्रसंग हा.

एक तरुण खताची जुनी गोणी खांद्यावरून आणून काउंटरसमोर टेकवून उभा राहिला. गोणी रिकामी नव्हती. मुद्दल, व्याज आणि वसुली खर्च मिळून त्याच्याकडून १८,४०० रुपये येणं होतं. हप्ते थकल्यावर संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहायक निबंधकांकडून वसुलीचा दाखला घेतला होता, आणि जप्तीची नोटीस आमच्या वसुली अधिकाऱ्याने त्याच्या घराच्या दारावर चिकटवली होती. गल्लीने ती वाचली. ते त्याला लागलं होतं.

"पाचाची नाणी आहेत. सरकारी आहेत. घ्या मोजून," तो म्हणाला. "आणि नाकारणार असाल तर आजपासून व्याज बंद, तसं लिहून द्या."

साहेब केबिनमधून बाहेर आले. "अरे बाबा, हजाराच्या वर चिल्लर घ्यायला आम्ही बांधील नाही. बाकीच्या नोटा आण, नाहीतर खात्यावरून पाठव."

दोघेही अर्धा-अर्धा कायदा बोलत होते. असं सगळीकडे होतं, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

१८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे ऋणकोने देणं देऊ केलं आणि धनकोने ते नाकारलं, तर न फेडल्याचा दोष ऋणकोवर येत नाही. मात्र देऊ करणं खरं असावं लागतं. त्याला अट जोडलेली नको. ते योग्य वेळी आणि योग्य जागी असावं. हा माणूस आत्ता, इथेच, सगळं द्यायला तयार आणि समर्थ आहे, हे समोरच्याला पाहून घ्यायला वाव हवा. तरुणाने भर कामाच्या वेळी, संस्थेच्या काउंटरवर, पूर्ण रक्कम आणली होती. एवढं सगळं बरोबर. पण १८,४०० मधले फक्त १,००० रुपये नाण्यांत देण्याचा त्याला हक्क होता. उरलेले १७,४०० आम्ही नाकारले असते तर ते योग्य देऊ करणं ठरलं नसतं, आणि त्यावर व्याज थांबल्याचा दावाही टिकला नसता.

दुसरा गैरसमज याहून खोल रुजलेला आहे. धनकोने पैसे नाकारले की कर्ज माफ झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. नोटांत, पूर्ण, वेळेवर देऊ केलेली रक्कमही धनकोने नाकारली तरी कर्ज जागेवरच राहतं. ऋणकोला मिळतं ते संरक्षण : तो कसूरदार ठरत नाही, आणि पुढच्या व्याजाबद्दल त्याची बाजू भक्कम होते. गहाणाच्या कर्जात धनको घेतच नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ८३ व्या कलमाने रक्कम कोर्टात भरता येते, आणि ८४ व्या कलमाने व्याज थांबतं. कोर्टाचा हुकूमनामा झालेला असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २१ व्या आदेशातला पहिलाच नियम पैसे कसे भरायचे ते सांगतो : कोर्टात, टपालाने किंवा बँकेतून. म्हणजे कायद्याने ऋणकोला वाट दिलेली आहे. ती वाट गोणीची नाही, एवढंच.

कोर्टांपुढेही गोण्या आल्या आहेत. जून २०२३ मध्ये जयपूरला एका नवऱ्याच्या बाजूने थकलेल्या पोटगीचे ५५,००० रुपये एक-दोनच्या नाण्यांत, सात पोत्यांतून कोर्टात आणले गेले. कोर्टाने नाणी ठेवून घेतली, पण पुढच्या तारखेला हजार-हजारांच्या पुड्या करून मोजून देण्याचं काम त्याच्यावरच टाकलं. डिसेंबर २०२४ मध्ये कोइमतूरच्या कौटुंबिक न्यायालयात असेच ८०,००० रुपये चिल्लरीत आले, तेव्हा न्यायालयाने त्यांच्या नोटा करून आणायला सांगितलं. ज्या बाईला पोटगी घ्यायची आहे तिने एवढी चिल्लर कुठे न्यायची, हा प्रश्न दोन्हीकडे होता. पोटगी चिल्लरीत आणणं हा मला बाईचा भर कोर्टातला अपमान वाटतो, आणि हजाराची मर्यादा अशाच वेळी कामाची आहे.

आमच्या तरुणाकडे परत येते. मी त्याला विचारलं, "ही नाणी आली कुठून?" तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पाण्याचं एटीएम आहे माझ्याकडे, दोन गावांत." पाच रुपयांचं नाणं टाकलं की वीस लिटर थंड पाणी मिळतं, ते यंत्र. त्याची कमाईच पाचाच्या नाण्यांत होती. राग होता, तो खराच होता. पण नाणी रागापोटी गोळा केलेली नव्हती.

त्यामुळे मला साहेबांपुढे बोलावं लागलं. चिल्लर आणणारा सतावायला आलाय की त्याच्याकडे दुसरं काही नाही, हे गोणीकडे पाहून कळत नाही. कायदाही हेतू विचारत नाही, रक्कम विचारतो. हेतू विचारायचं काम माणसांचं आहे. "साहेब, घेऊ या," मी म्हटलं. "आपलं थकलेलं येणं दारात आलंय. परत पाठवलं तर पुन्हा नोटीस, पुन्हा जप्ती, पुन्हा खर्च." साहेब म्हणाले, "मोजणार कोण?" तरुण म्हणाला, "मी मोजतो."

मागच्या खोलीत सतरंजी टाकली. तो, आमचे शिपाई मामा आणि नवीन मुलगा, तिघं बसले. वीस नाण्यांची चवड, पाच चवडींची पिशवी, पिशवीत ५०० रुपये. पिशवीवर स्केचपेनने आकडा आणि त्याची सही. ३६ पिशव्या झाल्या आणि वर ८० नाणी. बरोबर १८,४००. मी मधून मधून एखादी पिशवी उघडून तपासत होते. मामांनी त्याला चहा दिला. दोघांची शेती एकाच शिवारात निघाली.

पावती दिली, त्यावर "कर्ज खाते पूर्ण फेड" असं लिहिलं. बेबाकी दाखल्याचा अर्ज तिथेच भरून घेतला. दारावर लावलेल्या नोटिशीचं काय, असं त्याने विचारलं. कर्ज फिटल्याचं पत्र सहायक निबंधकांना जाईल, हे साहेबांनी सांगितलं. नोटीस ज्यांनी वाचली त्यांना कोण सांगणार, हे त्याने विचारलं नाही, आणि आमच्याकडे त्याला उत्तरही नव्हतं.

दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत आमच्या लेखनिक बाईंनी डबा उघडता उघडता त्यांच्या पुण्यातल्या मावशीची तक्रार सांगितली. जुन्या वाड्यात भाड्याने राहतात. मालक भाडं घेत नाही. नोटा घेऊन गेलं तरी "नंतर बघू" म्हणतो. वाडा पाडायचा आहे. सहा महिने भाडं थकलं असं दाखवून खाली करायला लावायचा विचार दिसतो.

इथे प्रश्न नाण्याचा नाही, कोऱ्या करकरीत नोटांचा आहे, आणि धनको त्या मुद्दाम घेत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या १५ व्या कलमाप्रमाणे भाडेकरू प्रमाण भाडं देतो किंवा द्यायला तयार असतो, तोवर थकबाकीच्या कारणावरून त्याला बाहेर काढता येत नाही. मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावं लागतं. २६ वं कलम भाड्याची पावती देणं सक्तीचं करतं. पण "तयार होतो" हे सिद्ध कशाने करणार? मुंबई-पुण्याच्या चाळी-वाड्यांतल्या भाडेकरूंनी याचं उत्तर फार पूर्वी शोधलं : महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर. मालकाने घेतली नाही की "घेण्यास नकार" असा शेरा लागून ती परत येते, आणि ते कागद जपून ठेवायचे. मालकाचा खाते क्रमांक माहीत असेल तर बँकेतून थेट भरलं तरी चालतं. मी बाईंना म्हटलं, मावशींना आजच फोन करा, तोंडी बोलणी थांबवा म्हणावं.

दुपारी २.३०

मामांबरोबर रिक्षाने बँकेत. आमच्या संस्थेचं चालू खातं ज्या शाखेत आहे तिथे रोजची जादा रोकड भरायची असते. आज नोटांबरोबर नाण्यांच्या पिशव्या होत्या. खिडकीवरून उत्तर आलं, "चिल्लर आज नाही घेत. तिजोरीत जागा नाही."

रिझर्व्ह बँकेचं म्हणणं याबाबत स्वच्छ आहे. ग्राहकाने बँकेत नाणी भरण्याला कुठलीही मर्यादा नाही, आणि शाखांनी ती घ्यायची आहेत. एक-दोनची नाणी वजनावर घ्यावीत किंवा शंभर-शंभर नाण्यांच्या प्लास्टिक पिशव्यांत घ्यावीत, असंही तिने सुचवलं आहे. म्हणून तर मी सकाळपासून शंभर नाण्यांच्या पिशव्या करत होते. हजाराची मर्यादा पतसंस्थेला आहे, सावकाराला आहे, घरमालकाला आहे. बँक मात्र नाणी गोळा करून पुन्हा बाजारात सोडणारी साखळी आहे. तिने ती अडवली तर पुढचं सगळं अडतं.

बँकेची अडचण मला कळत नाही असं नाही. नाणी आत येतात, बाहेर जात नाहीत. मोजायला माणसं कमी. नाणी लोकांत वाटावीत म्हणून रिझर्व्ह बँक बँकांना पिशवीमागे प्रोत्साहनाची रक्कम देते. ती २०२१ मध्ये २५ वरून ६५ रुपये केली. तरी खिडकीवर कुणी "मला चिल्लर द्या" म्हणत येत नाही. हे सगळं खरं. पण बँकेने नाही म्हटलं की आम्ही नाही म्हणायला लागतो, आणि मग मंडईतल्या मावशी उरतात.

मी शाखाधिकाऱ्यांकडे गेले आणि आवाज न चढवता सांगितलं, "घेणार नसाल तर कारण लेखी द्या, सही-शिक्क्यासह. मी आमच्या संचालक मंडळाला आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाला तेच दाखवीन." पंधरा मिनिटांनी पिशव्या आत गेल्या. प्रत्येक वेळी हे का म्हणावं लागतं, याचा मला मनापासून संताप येतो.

दुपारी ४.००

नवरा-बायको सोनं सोडवायला आले. तारण कर्ज आणि व्याज मिळून २ लाख ३० हजार. सगळ्या पाचशेच्या नोटा, कापडी पिशवीत व्यवस्थित बांधलेल्या. दिवाळीच्या आधी पाटल्या घरी न्यायच्या होत्या.

मला नाही म्हणावं लागलं. नोट कितीही रकमेला कायदेशीर चलन आहे, हे मी वर लिहिलं. पण आयकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला मनाई केली आहे. घेतले तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड. दोन दिवसांत दोन तुकडे करून भरले तरी व्यवहार एकच, म्हणून तो मार्गही नाही. त्याशिवाय वीस हजार किंवा त्याहून मोठं कर्ज रोखीने देण्या-घेण्यावर आणि फेडण्यावर वेगळी बंधनं आहेतच.

"नोटा खोट्या आहेत का?" बाईंनी विचारलं. त्यांचा प्रश्न बरोबर होता. नोट खरी, माणूस खरा, कर्ज खरं, तरी घेता येत नाही. मी त्यांना त्यांच्या बँक खात्यात भरून तिथून आमच्या खात्यावर वळती करायला सांगितलं आणि पॅन कार्ड बरोबर न्यायची आठवण केली. दोन दिवसांचं व्याज वाढणार होतं. ते मला पटत नाही. संस्थेच्या नियमात असं व्याज सोडायची तरतूद नाही, ती असावी असं पत्र मी संचालक मंडळाला देणार आहे. फेडायला दारात आलेल्या माणसाला दुसऱ्या वाटेने या म्हणायचं, तर त्या वाटेचा खर्च त्याच्यावर टाकू नये.

अशा वेळी २०१६ आठवतं. ८ नोव्हेंबरच्या मध्यरात्री पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा कायदेशीर चलन राहिल्या नाहीत. रिझर्व्ह बँक कायद्याच्या त्याच २६ व्या कलमात सरकारला तो अधिकार आहे. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही त्या घ्यायला बंदी झाली. महाराष्ट्रात पतसंस्थांचा आणि विकास सोसायट्यांचा पैसा याच बँकांत. लोक कर्ज फेडायला नोटा घेऊन यायचे आणि आम्ही हात मागे घ्यायचो. दोन हजाराच्या नोटेची गोष्ट वेगळी : १९ मे २०२३ ला ती मागे घेतली, पण तिचं कायदेशीर चलन हे स्थान रद्द केलेलं नाही. बँकांत बदलून घेण्याची मुदत मात्र त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला संपली, त्यानंतर मुंबई, बेलापूर, नागपूर अशा रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयांतच जावं लागतं.

सायंकाळी ५.३०

रोख जुळवणी. संगणकाची रोजकीर्द आणि हातातली रोकड यांत सहा रुपयांचा फरक आला, रोकड जास्त. नवीन मुलगा घाबरला. मी त्याला चिल्लरीच्या कप्प्याकडे नेलं आणि दोन नाणी तळहातावर ठेवायला सांगितली. जुनं स्टीलचं एक रुपयाचं नाणं आणि २०११ च्या घडणीचं दोन रुपयांचं. दोन्हींचा व्यास २५ मिलीमीटर, दोन्हींचं वजन ४.८५ ग्रॅम. डोळे मिटून ओळखताच येत नाहीत. तराजूलाही कळत नाहीत. म्हणून मिसळलेली नाणी मी वजनावर कधीच घेत नाही. दोनाच्या चवडी पुन्हा पाहिल्या तर सहा एक रुपयाची नाणी त्यांत बसली होती. हिशेब लागला.

त्याने सकाळच्या मावशींचा विषय काढला. "मॅडम, मी चुकीचं सांगितलं का?" मी म्हटलं, कलम तू बरोबर सांगितलंस, माणूस पाहिला नाहीस. कलम पाठ असलेला रोखपाल मला हवाच आहे. उद्या कुणी खोडसाळपणे दहा हजारांची एकाची नाणी आणून शाखा बंद पाडायला निघाला, तर साहेबांच्या बाजूने तूच उभा राहशील.

सायंकाळी ६.१५

तिजोरी बंद करण्याआधी शेवटची नोंद एका साध्या वहीत असते. तीत आम्ही नाकारलेला भरणा लिहितो : तारीख, वेळ, रक्कम, नोटा की नाणी, नाकारण्याचं कारण, आणि त्या माणसाला दिलेल्या पत्राचा क्रमांक. आजची एकच नोंद आहे, सोनं सोडवायला आलेल्या जोडप्याची. अशी वही प्रत्येक पतसंस्थेत, प्रत्येक फायनान्स कंपनीच्या वसुली केंद्रात असावी असं माझं ठाम मत आहे, कारण नकार कागदावर आला की वरिष्ठांना त्याचं कारण द्यावं लागतं.

तुमच्यापैकी कुणाचा हप्ता, भाडं किंवा थकबाकी समोरच्याने घेतली नाही, तर हात हलवत घरी येऊ नका. त्याच दिवशी दोन प्रतींत साधा अर्ज लिहा : अमुक तारखेला, अमुक वाजता, एवढी रक्कम एवढ्या नोटा आणि एवढी नाणी अशी देऊ केली, घेतली गेली नाही. दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. पोहोच देत नसतील तर पोच-देय टपालाने पाठवा, आणि शक्य असेल तर ती रक्कम बँकेतून किंवा मनीऑर्डरने लगेच वळती करा. नाण्यांत हजारापर्यंत देण्याचा हक्क तुमचा आहे. हजाराच्या पुढे विनंती करावी लागते, आणि ती करायला लाजू नका.

मावशींचा पुढचा हप्ता पाच तारखेला आहे.